दांडिया बाजारची रविवारची बैठक: अकरा महिने जाऊन आल्यावर लिहितेय

आधी कुठे पोचले ते सांगते म्हणजे पुढचं वाचायचं का नाही ते तुम्ही ठरवा. आमच्याकडे खापरपणजोबांची एक मोडीतली, म्हणजे मराठी लिहायच्या जुन्या लिपीतली, वही आहे, ११२ पानांची, शके १८१९ ची म्हणजे १८९७ ची, त्यात घरखर्च, देणी-घेणी, मधेच कोणाला तरी लिहिलेल्या पत्राचा कच्चा मसुदा असं सगळं. या जानेवारीत मला मोडीचं एक अक्षर ओळखता येत नव्हतं. आज डिसेंबरात ६७ पानं देवनागरीत उतरवून झालीयेत आणि माझी नोकरी, घर, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन हे सगळं तसंच चालू होतं. बडोद्यातल्या दांडिया बाजारात दर रविवारी चौदा जण आपापलं काम घेऊन बसतात ती ही बैठक नसती तर मी पाचव्या दिवशीच थांबले असते, कारण एकदा थांबलेच होते, ते खाली सांगते.

वही काढायचं कारण पूर. २०२४ च्या ऑगस्टातला विश्वामित्रीचा पूर बडोद्यात कोण विसरेल, धोक्याची पातळी २६ फूट आणि नदी ३५ च्याही वर गेली, आम्ही समा भागाच्या बाजूला राहतो, तळमजल्यात कमरेइतकं पाणी, लाइट नाही, आणि शेजारच्या सोसायटीत मगर दिसली म्हणून कोणी खाली उतरायला तयार नाही. दिवाणाखाली जुनी ट्रंक होती. शेजारच्या मुलाने आणि मी ती कशीबशी वर चढवली तोवर वहीचा खालचा कोपरा भिजला होता, आठ-दहा पानांवर अक्षरं पसरली. पानापानात कोरे कागद घालून चार दिवस पंख्याखाली वाळवत बसले आणि तेव्हा पहिल्यांदा वाटलं की घरात सव्वाशे वर्षं ठेवलेली ही गोष्ट आपल्यापैकी एकालाही वाचता येत नाही आणि अजून एक पूर आला तर कोणाला कळणारही नाही त्यात काय होतं.

मग मी शिकायचं ठरवलं आणि बहुतेक जण करतात तेच केलं, एका ऑनलाइन ग्रुपमध्ये पैसे भरले. नाव देत नाही. ९९९ रुपये, तीस दिवसांचं चॅलेंज, दोनशेच्या वर माणसं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपापलं स्वप्न लिहायचं होतं. मी लिहिलं, मोडी शिकून खापरपणजोबांच्या वहीचं पुस्तक काढणार. काय सांगू, सत्तर-ऐंशी अंगठे, हार्ट, ‘वाव ताई’, ‘किती सुंदर विचार’. दोन दिवस इतकं छान वाटत होतं की जणू अर्धं पुस्तक झालंच. पाचव्या दिवशी एक अक्षर गिरवलं नाही, सहाव्या दिवशीही नाही, बाराव्या दिवशी मी ग्रुप उघडणंच बंद केलं आणि कोणालाही कळलं नाही. वाईट याचंच वाटलं, सोडलं त्यापेक्षा सोडलेलं कोणाच्या लक्षातही आलं नाही याचं जास्त.

आता बैठकीबद्दल.

दांडिया बाजारच्या आतल्या गल्लीत एक जुना मराठी वाडा आहे, त्याच्या पहिल्या मजल्यावरची लांबट खोली. रविवारी सकाळी साडेसात ते दहा. महिन्याला २५० रुपये, त्यात चहा आणि नानखटाई, बाकी काही नाही. चौदा जागा आहेत, पंधरावी नाही, कारण खोलीत चौदाच जण टेकून बसू शकतात आणि चालवणाऱ्या दोघींनी ते कधी मोडलेलं नाही. त्यांनीच सांगितलंय म्हणून घराचं नाव आणि नंबर इथे लिहित नाही, कोणाचं तरी राहतं घर आहे ते.

काय असतं तिथे? एक रजिस्टर असतं, साधं, लाल कापडी पुठ्ठ्याचं, हिशेबाचं असतं तसं. आल्या आल्या प्रत्येकाने त्यात एक ओळ लिहायची आणि मोठ्याने वाचायची, पुढच्या रविवारपर्यंत मी अमुक करणार. इथे पहिल्याच दिवशी मला अडवलं. मी लिहिलं ‘मोडी शिकणे’. ज्या ताई रजिस्टर सांभाळतात त्या म्हणाल्या, हे आठवड्यात होणार आहे का? मी म्हटलं नाही. मग आठवड्यात काय होईल ते लिहा, आणि कधी, कुठे बसून ते पण लिहा. शेवटी माझी ओळ झाली, ‘स्वरांची अक्षरं रोज दहा वेळा, रात्री साडेनऊला, ओटा पुसून झाल्यावर, स्वैपाकघरातल्या टेबलावर.’ मला तेव्हा हे फार शाळेसारखं वाटलं होतं. पण ओटा पुसून झाला की हात आपोआप वहीकडे जायला लागला, तिसऱ्या आठवड्यातच, आणि त्या टेबलावर मी आजही बसते.

मग दीड तास कोणी बोलत नाही. खरंच नाही. आपापलं काम घेऊन बसायचं. एक मुलगी लिनोकट, म्हणजे कोरलेल्या ठशावरून छापायची चित्रं, करते, एक काका सही करण्यापलीकडे मराठी कधी लिहिलं नाही असे आहेत, जन्म बडोद्यात, शिक्षण सगळं गुजरातीत, ते नातीसाठी आपल्या लहानपणच्या गोष्टी मराठीत लिहितायत, एक बेन आहेत त्यांचं रजिस्टरातलं काम म्हणजे वडलांच्या आजारपणाची तीन वर्षांची कागदपत्रं लावणं, एक जण मावा (तंबाखू-सुपारीचा) सोडतोय, तो नुसता वर्तमानपत्र घेऊन बसतो कारण रविवार सकाळ हीच त्याची पानाच्या गल्ल्यावर जायची वेळ होती. म्हणजे सगळे कलाकार आहेत असं समजून कोणी येऊ नका किंवा त्याला घाबरून थांबू पण नका.

शेवटची वीस-पंचवीस मिनिटं दाखवायची. इथला नियम मला सगळ्यात जास्त आवडला आणि पचायला सगळ्यात जास्त वेळ पण त्यालाच लागला. छान, सुंदर, मस्त असं काही म्हणायचं नाही, फक्त प्रश्न विचारायचा. पहिले तीन रविवार मला हे कोरडं वाटलं. घरी येऊन नवऱ्याला म्हटलंसुद्धा की माणसं जरा रुक्षच आहेत. मग एकदा मी गिरवलेलं पान दाखवलं आणि त्या लिनोकटवाल्या मुलीने विचारलं, काकू, तुम्ही रेघ आधी मारता का नंतर? मोडीत डोक्यावरची रेघ आधी पानभर आडवी ओढून घेतात आणि मग त्या रेघेला लटकवत अक्षरं लिहितात, हात फार न उचलता, बोरू पुन्हा पुन्हा बुडवायला लागू नये म्हणून. मी देवनागरीच्या सवयीने अक्षर लिहून मग रेघ देत होते. त्यामुळेच माझी अक्षरं वहीतल्या अक्षरांसारखी दिसत नव्हती आणि म्हणून मला वहीतली ओळखू येत नव्हती! दोन महिने अडलेलं एका प्रश्नात सुटलं, आणि विचारणारीला मोडीतलं म पण येत नाही, तिने फक्त माझ्या हाताकडे नीट बघितलं होतं.

आमच्यात एक काकू आहेत, मानसशास्त्र शिकवून रिटायर झाल्या. त्यांना मी त्या तीस दिवसवाल्या ग्रुपचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की हे माहितीतलं आहे. २००९ मध्ये पीटर गोलविट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक संशोधन छापलं, त्यातल्या काही प्रयोगांत कायदा शिकणारे विद्यार्थी होते. ज्यांचा ‘मी असं असं करणार’ हा इरादा दुसऱ्या कोणी तरी वाचला, दखल घेतली, त्यांनी नंतर त्या कामासाठी कमी मेहनत घेतली, ज्यांचा कोणी पाहिला नाही त्यांच्यापेक्षा. म्हणजे लोकांनी मान डोलावली की मनाला वाटतं आपण ते झालोच. मला ते ऐकून इतकं हलकं वाटलं, मी आळशी आहे म्हणून नव्हतं झालेलं ते. आणि बैठकीत ओळ मोठ्याने वाचतातच की, मग इथे तसं का होत नाही, हे पण मी विचारलं. त्यांचं म्हणणं असं की इथे ‘मी लेखक होणार’ असं कोणी वाचतच नाही, ‘मंगळवारी दोन पानं’ असं वाचतात, आणि दोन पानांना कोणी टाळ्या वाजवत नाही, ती झाली का एवढंच विचारतात.

ते विचारणं म्हणजे बुधवारचा फोन. माझ्या मते बैठकीतली सगळ्यात किमती गोष्ट हीच. दर तीन महिन्यांनी चिठ्ठ्या टाकून जोड्या लावतात, आणि बुधवारी संध्याकाळी जोडीदाराने फोन करायचा, मेसेज नाही, फोन. पाच मिनिटं. तुमची ओळ काय होती ती त्याने वाचून दाखवायची आणि तुम्ही सांगायचं किती झालं. नाही झालं तर नाही झालं. पहिल्या तिमाहीत माझी जोडी त्या लिनोकटवाल्या मुलीशी होती, फाइन आर्ट्समधून शिकलेली, विश्वामित्रीवरच्या पुलांची मालिका करतेय, आणि मला लिनोकट म्हणजे काय हे सुद्धा माहीत नव्हतं. आता माहितीये की लिनोलियमच्या तुकड्यावर उलटं कोरायचं असतं, जे कोराल ते पांढरं राहतं, आणि एकदा कोरलं की परत भरता येत नाही म्हणून ती काळाघोड्याच्या पुलापाशी तीन आठवडे अडकली होती. हे मला कळलं कारण मला दर बुधवारी तिची ओळ वाचायची होती. तिला माझं अडलेलं अक्षर माहीत, मला तिची अडलेली कमान.

आपल्याकडे भिशी असते ना, तसंच आहे हे थोडंसं. भिशीचा हप्ता आपण चुकवत नाही, बँकेतल्या आरडीचा चुकवतो, कारण भिशीत बाकी अकरा बायका आपल्यासाठी बसलेल्या असतात. किंवा वारीत एकट्याला पंढरपूरपर्यंत चालवणार नाही पण दिंडी चालते म्हणून आपण चालतो, पाय आपलेच असतात तरी.

मावा सोडणाऱ्या दादांचं सांगायलाच हवं, त्यांना विचारून लिहितेय. त्यांना कोणी तरी सांगितलं होतं एकवीस दिवसांत सवय सुटते. बावीसाव्या दिवशी तितकीच तलफ आली म्हणून ते खचले. तेव्हा काकूंनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासाचं सांगितलं, ९६ माणसं, नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस, पण कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब, आणि एखादा दिवस चुकला तर त्याने फारसा फरक पडत नाही असंही त्यात दिसलं. काकूंनी लगेच हे पण स्पष्ट केलं की तो अभ्यास फळ खाणं, पाणी पिणं, पळायला जाणं असल्या सवयींचा होता, तंबाखू सोडायचा नव्हता, त्यामुळे डॉक्टर चालू ठेवा. मला हे आवडलं, अर्धी माहिती चिकटवून उत्साह वाढवायचा प्रकार इथे नाही. एप्रिलात एका लग्नात दादांनी परत खाल्ला. दुसऱ्या रविवारी आले आणि बसल्या बसल्या सांगून टाकलं. कोणी ‘अरे रे’ म्हटलं नाही, ‘चालतं हो’ पण म्हटलं नाही. ताईंनी विचारलं, किती वाजता, कोणाबरोबर, जेवणाआधी का नंतर. जेवणानंतर, आतेभावाबरोबर, पानाच्या काउंटरपाशी. मग रजिस्टरात ओळ झाली, ‘लग्नात जेवण झालं की ताट ठेवून थेट मुलांकडे जायचं, खिशात वेलदोडे.’ त्यानंतर चार लग्नं झाली. नाही खाल्ला.

आता खटकणाऱ्या गोष्टी. जिना भयंकर उभा आहे आणि कठडा एका बाजूलाच, सासूबाईंना यायचं होतं पण शक्यच नाही. गाडी लावायला साडेसातला जागा मिळते पण दहाला बाहेर पडलात की मांडवीकडून गर्दी सुरू झालेली असते, मी आता सुरसागरच्या बाजूला लावून चालत येते. मे महिन्यात त्या खोलीत बसवत नाही, एकच पंखा, तेव्हा पहाटे साडेसहाला करा असं आम्ही चार-पाच जणांनी सांगितलं होतं, ऐकलं नाही. नवरात्रात रविवारी कोणी येत नाही, रात्री दोनपर्यंत गरबा करून सकाळी साडेसातला कोण उठणार, ते ठीक आहे पण मग सुट्टी जाहीर करा, आम्ही तिघं जण बंद दारासमोर उभे होतो. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, मात्र आधीच सांगतात.

आणि एक मोठी तक्रार. मोठ्याने वाचायचा नियम सगळ्यांना झेपत नाही. मार्चमध्ये एक कॉलेजची मुलगी आली होती, कविता लिहायची, दोन रविवार ओळ वाचताना तिचा आवाज कापत होता आणि तिसऱ्यांदा आली नाही. ती गेली याचं मला फार लागलं, कारण कोणाच्याही लक्षात न येता गळून पडणं काय असतं ते मला माहीत होतं. इथे निदान बुधवारचा फोन गेला तिला, तिने उचलला नाही. मी ताईंना सांगितलं की नवीन माणसाला थोडं सांभाळून घ्या. लगेच नाही, पण जूनपासून पहिला महिना चिठ्ठीवर लिहून दिलं तरी चालतं असं केलंय. त्या मुलीला परत फोन करून हे कळवलं सुद्धा. अजून आली नाहीये.

भाषेचं विचाराल तर मराठी-गुजराती सरमिसळ, रजिस्टरात पण. ‘पान १४ पूरं करवुं’ आणि खाली ‘पान १५ करणे’, असं. कोणाला त्रास होत नाही. मोडी तिथे शिकवत नाहीत हे पण सांगते, दोन जणांनी मला फोन करून विचारलं होतं. तिथे काहीच शिकवत नाहीत. मोडीचं पुस्तक मी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतून आणलं, सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून उभी केलेली तीच, लहानपणी बाबा न्यायचे, नंतर वीस वर्षं मी पायरी चढले नव्हते. बाकी सगळं घरी बसून, सरावाने. मोडीत ह्रस्व-दीर्घ वेगळं नाही आणि दोन शब्दांच्या मधे जागा सोडत नाहीत, त्यामुळे अक्षरं ओळखता आली तरी शब्द कुठे तुटतो ते संदर्भानेच लावावं लागतं, त्यात माझे एप्रिल-मे गेले. पण जूनपासून आठवड्याला दोन पानं ठरली ती ठरलीच, आणि दिवाळीच्या आसपास हात बसला तेव्हा तीन-तीन पण व्हायला लागली.

पैसे वसूल होतात का? २५० मध्ये काय मिळतं असं विचाराल तर एक खोली, चहा, आणि बुधवारी एक माणूस ज्याला तुमचं काम नेमकं कुठे आलंय ते माहीत आहे. मी साडेचार स्टार देते, अर्धा जिन्याचा आणि पंख्याचा कापला. जागा रिकामी झाली की आत असलेल्या कोणाच्या तरी ओळखीनेच मिळते, मला चार महिने थांबावं लागलं होतं, उत्तरायण झाल्यावर फोन आला. तोवर थांबायचं नसेल तर तीन माणसं आणि एक रजिस्टर पण चालेल असं ताई स्वतःच सांगतात, फक्त बुधवारचा फोन सोडू नका.

गेल्या रविवारी मी सदुसष्टावं पान वाचून दाखवलं. बहुतेक तेल, तूर, सरपण, एका गड्याचे बाबाशाही चार रुपये असंच होतं, बाबाशाही म्हणजे बडोदा संस्थानाचं आपलं नाणं, तेव्हा चालू होतं. आणि त्याच्या खाली एक ओळ, ‘मुलीस पाटी १, आणे २’. १८९७ मध्ये. आमच्या घरात मुलींना कोणी शिकवलं नाही, आजी पण अंगठा उठवायची, असंच आम्ही आजवर ऐकत आलो होतो. मी वाचली आणि थांबले. नियमाप्रमाणे कोणी काही बोललं नाही, मग गोष्टी लिहिणाऱ्या काकांनी विचारलं, कुठली मुलगी?

मला माहीत नव्हतं. घरातल्या वंशावळीत त्या पिढीत तीन मुलगे आहेत, मुलगी नाहीच लिहिलेली. तर या आठवड्याची माझी ओळ अशी आहे: ‘पान ६८ ते ७०. मंगळवारी दुपारी चारला नागपूरच्या आत्याला फोन, मुलीचं नाव विचारणे.’